व्याहीबुवा, अंमळ मागे सरावे

शहागड,
१२ जून २०२५

रा. रा. पुंजाराम व्याही यांस रायभानचा रामराम.

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुमच्या छातीत धस्स झालं असेल. मुलीच्या सासरचं पत्र हातात घेताना बापाचा चेहरा कसा होतो, हे मी अडतीस वर्षं दारोदार टपाल वाटताना पाहिलेलं आहे. म्हणून आधीच सांगतो, तुमच्या मुलीची तक्रार नाही. राजनंदिनी गुणाची आहे. कामाला वाघ, आणि तोंड असं की लग्नाला चार वर्षं झाली तरी तिचा आवाज कसा आहे हे मला धड सांगता येणार नाही. तक्रार एका हलकटाची आहे.

जानेवारीत माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही भेटून गेलातच. तुमचा जावई आदिनाथ ट्रकवर जायला निघाला तेव्हा त्याने माझ्या मोबाइलात रणगाड्यांचा एक खेळ टाकून दिला. म्हणाला, "आण्णा, पडल्या पडल्या हे खेळत जा, आईच्या मागं लागू नका." आता मला त्याचं वेड लागलं आहे, लपवत नाही. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गाड्या. कुणाचा रणगाडा, कुणाची तोफगाडी, कुणाची नुसती चिलखती जीप. मैदानात सात झेंडे असतात, ज्याने जास्त धरले तो जिंकला. खेळणारे गावोगावचे, कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. नदीचं नाव दिसलं म्हणून मी 'गोदाकाठ पलटण' या टोळीत शिरलो. तिथं माझं नाव 'टपाल ४१', कारण नोकरीत माझा बिल्ला एक्केचाळीस नंबरचा होता.

टोळीचा सरदार 'ससाणा' नावाचा कुणी आहे. तो बोलत नाही, लिहून हुकूम सोडतो. आणि लिहितो काय? "टपाल ४१, रोज त्याच वाटेने काय जातोस? मनिऑर्डर वाटायला निघालास का?" चौदा माणसांसमोर! मी आधी एक नंबरचा झेंडा घेतो, मग दोन, मग तीन. पोस्टमनची ठरलेली वाट, बीट म्हणजे बीट. मधलं घर टाळून पुढे जायची मला सवय नाही. तीन नंबरला शत्रू टपून बसतो हे खरं, पण म्हणून काय वाट सोडायची? परवा तर त्याने लिहिलं, "रेड्या, मागे ये." तुम्ही व्याही म्हणून सांगतो, दुसऱ्याला सांगायची लाज वाटते.

तुमचा कल्याण कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. त्याच्याकडून या ससाण्याचं खरं नाव-गाव काढून द्यावं. बाकी मी पाहून घेतो.

आपला,
रायभान


बदनापूर,
१९ जून २०२५

आदरणीय व्याहीसाहेब यांस पुंजारामचा वाकून नमस्कार.

आपलं पत्र आलं. आधी देवापुढे ठेवलं आणि मग उघडलं. तक्रार मुलीची नाही हे वाचून हिने लगेच साखर वाटली.

आपल्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाला जो 'रेडा' म्हणतो, तो कोणत्या संस्कारात वाढला असेल! मला तर त्याच्या आईबापाची कीव येते. काय शिकवलं असेल त्यांनी?

कल्याणला दुकानात जाऊन पत्र वाचून दाखवलं. 'रेड्या, मागे ये' इथपर्यंत आलो आणि तो गिऱ्हाईक सोडून बाहेर पळाला. खांदे हलत होते, त्यावरून हसतोय असं दिसलं. विचारलं तर म्हणतो, नाव-गाव काढता येत नाही, कंपनी देत नाही. या पिढीला कशाचं गांभीर्य नाही, आपणच मोठ्या मनाने समजून घ्यावं.

माझ्या अल्प बुद्धीला वाटतं की आपण तो खेळच सोडावा. मी संशोधन केंद्रात तीस वर्षं तुरीच्या वाणांच्या नोंदी ठेवल्या. साहेब ओरडले की मी गुपचूप दुसऱ्या वाफ्यात जाऊन उभा राहायचो. त्यात फार सुख आहे. राजनंदिनीच्या हातून काही चुकलं तर पदरात घ्यावं.

आपला नम्र,
पुंजाराम


शहागड,
२३ जून २०२५

प्रिय आबा,

फोन केला की आत्याबाई म्हणतात, "स्पीकर लाव, आमाला बी ऐकू दे इवाईबुवाचा आवाज." म्हणून पत्र. उत्तर माझ्या मैत्रिणीच्या, दैवशालाच्या शिलाई दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. मामंजींची नोकरी सुटली पण पोस्ट सुटलेलं नाही. रोज अकराला तिथं जाऊन बसतात आणि सगळ्या गावाची पत्रं हाताळून पाहतात.

तुम्ही मामंजींना लिहिलेलं पत्र त्यांनी आम्हा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ससाण्याच्या आईबापाची तुम्हाला कीव येते ना? मग स्वतःचीच करा. ससाणा मी आहे.

हसून घ्या, नाहीतर घाबरून घ्या, पण पूर्ण वाचा. हा खेळ मी संभाजीनगरच्या होस्टेलवर असल्यापासून खेळते. टोळी मी उभी केली. कल्याणला माहीत आहे, म्हणून तो पळाला. टपाल ४१ कोण हे मला मार्चपर्यंत ठाऊक नव्हतं. दुपारी मी धान्याच्या खोलीत असते, मामंजी पडवीत. माझ्या मोबाइलात त्याचा रणगाडा फुटला की भिंतीपलीकडून मामंजी ओरडायचे, "मेलो!" तीनदा असं झालं तेव्हा मी मोबाइल गव्हाच्या पोत्यात खुपसला.

काढून टाकू म्हणाल, तर का काढू? नेम त्यांचा पक्का आहे. डोकं तेवढं एककल्ली. गेल्या महिन्यात एकाच वाटेने जाऊन एकाच झाडाखाली एकोणीस वेळा मेले, आबा! तिथं मी 'कृपया' लिहायचं का?

घरात मला कुणाचा त्रास नाही. सगळे चांगले आहेत. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी "जी" म्हणते, "हो" म्हणते आणि "वाढू का" म्हणते. बास. दुपारचा एक तास चौदा माणसं माझं ऐकतात. त्यात परभणीचा एक डॉक्टरसुद्धा आहे. तो तास गेला तर माझं असं काय उरतं, ते तुम्हीच सांगा. मामंजींना कळलं तर तो जाईलच. वर या घरात मी त्यांना ताट कसं वाढू?

तुमची,
नंदा


बदनापूर,
२८ जून २०२५

चि. राजनंदिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रक्तदाबाची गोळी घेतली. एकीने भागलं नाही, दुसरी घेतली.

अगं, रेडा? सासऱ्याला? त्यांनी पानसुपारी घेताना हात जरा वर केला तरी माझा सदरा घामाने भिजायचा, आणि तू त्यांना मनिऑर्डरवरून बोलतेस? उद्या कळलं आणि त्यांनी तुला सामानासकट बदनापूरच्या गाडीत बसवलं, तर मी गावात कुणाला काय सांगू? की मुलीने सासऱ्याला लढाईत शिव्या दिल्या?

आजच्या आज तो ससाणा बंद कर. नाहीतर किमान गोड लिही. 'मामंजी' नको, निदान 'दादा' म्हण. 'रेड्या'च्या जागी 'रेडेदादा' लिहिलं तर काय बिघडतं?

आणि तुझं असं काय उरतं म्हणतेस. अशी भाषा बरी नाही. संसार आहे, तेवढं पुरतं. तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. कल्याणशी मी बोलत नाही.

तुझा,
आबा


शहागड,
११ जुलै २०२५

रा. रा. पुंजाराम व्याही यांस रामराम.

तुम्ही खेळ सोडा म्हणालात. मी वाफे बदलणारा माणूस नाही. उलट चोर जवळजवळ सापडला आहे.

ससाणा गावातलाच आहे. ऐका. मी दुपारी चहाला थांबलो की तो लिहितो, "४१ चा चहा झाला असेल तर निघू या." एकदा आमच्या आळीतली लाइट गेली, त्याच क्षणी तोही गायब, आणि आली तेव्हा तोही हजर. एकदा मी पाय आखडला म्हणून जरा आडवा झालो तर लिहितो, "गुडघा सांभाळून." म्हणजे पाळत ठेवतो की काय?

वेशीजवळ हरिओम नावाचा पोरगा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. माझा मोबाइल त्याच्याकडे दोनदा गेला होता. सोमवारी काठी टेकत गेलो आणि भर रस्त्यात विचारलं, "तूच का रं त्यो ससाणा?" तो म्हणाला, "काका, कोंचा ससाणा? सकाळपासून गिऱ्हाईक न्हाई, डोकं नका खाऊ." मी काठी उगारली. मंडळी जमली. त्याचा बाप मध्ये पडला. आता त्याचा बाप म्हणतो, पंधरा दिवसांत पुरावा द्या, नाहीतर पोराची माफी मागा, तीही चावडीसमोर.

मी माफी मागणार नाही. ससाण्याला त्याच चावडीसमोर उभा करून त्याच्या घरच्यांना बोलावीन आणि विचारीन, मोठ्या माणसाशी बोलायची ही रीत का? घरातही सांगून ठेवलं आहे. राजनंदिनी तेव्हा भाकरी थापत होती. तिची भाकरी तव्यावर करपली, इतका तिलाही राग आला. पोर सालस आहे, सासऱ्याचा अपमान तिला सोसत नाही.

एक मात्र लिहितो. खेळाची स्पर्धा चालू आहे, त्यात आपली टोळी वरच्या चारांत आली आहे. माणूस हलकट असला तरी मैदान त्याला कळतं.

आपला,
रायभान


बदनापूर,
१६ जुलै २०२५

आदरणीय व्याहीसाहेब यांच्या चरणी पुंजारामचा दंडवत.

दोन कागद फाडून हे तिसऱ्यावर लिहितो आहे, खाडाखोडीबद्दल क्षमा असावी. हरिओम निर्दोष आहे. त्या मुलाच्या अंगावर काठी उगारू नये.

ससाणा मी आहे.

वेळ जाईना म्हणून कल्याणने शिकवलं, आणि लिहिताना समोर कोण आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा उशीर झाला होता. चहाची वेळ मला इथल्या अंदाजाने कळली. लाइटचं म्हणाल तर बदनापूरलाही जाते. गुडघ्याचं ऑपरेशन मी पाहिलेलंच आहे. माझ्यासारख्या मुलीच्या बापाने आपल्याला असं बोलावं, याला शिक्षा नाही. जी द्याल ती मी घेईन, चावडीपुढे बोलवाल तरी येईन. फक्त माझ्या मुलीला यात काही ठाऊक नाही, तिला बोल लागू नये.

आपला अपराधी,
पुंजाराम


शहागड,
२१ जुलै २०२५

पुंजाराम व्याही,

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा आमच्या मंडळींना, आसराबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या गरिबाच्या तोंडावरली माशी बी हालत न्हाई, त्यो तुमाला रेडा म्हनंल?" मीही तेच म्हणतो. पण लिहून देता म्हणजे खरं असलं पाहिजे. व्याह्याला रेडा म्हणणारा व्याही साऱ्या गोदाकाठाला दुसरा सापडायचा नाही.

दोन दिवस माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिसऱ्या दिवशी, खरं सांगतो, हसू आलं. चार वर्षांत तुम्ही माझ्यापुढे सरळ एक वाक्य बोलला नाहीत. 'आपली मर्जी', 'आपण म्हणाल तसं'. चहात साखर हवी का विचारलं तर म्हणायचात, आपल्याला आवडेल तेवढी. मला तुमच्याशी बोलायचा कंटाळा यायचा. आता कळलं की आत एक मर्द माणूस बसलेला आहे. हरिओमची माफी मी काल मागितली, वर त्याच्याकडून मोबाइलला नवी काच बसवून घेतली.

आता शिक्षा. रविवारी तीन ऑगस्टला दुपारी तीन वाजता अंतिम सामना आहे. नियम निघाला आहे की अंतिम सामन्यात सगळ्यांनी तोंडाने बोलायचं, लिहायचं नाही. म्हणजे एकच माणूस दोन मोबाइल चालवत असेल तर पकडला जातो. तर तुम्ही मला तोंडाने हुकूम द्यायचा. जसा लिहिता तसा. मला ऐकायचं आहे.

तुमचा,
रायभान


शहागड,
२४ जुलै २०२५

आबा,

तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो? मी मागितलं होतं का? हरिओमसाठी मीच मामंजींपुढे जाऊन उभी राहणार होते. दोन दिवस मनाची तयारी करत होते. तेवढ्यात तुम्ही माझं नाव स्वतःच्या छातीवर लावून मोकळे. आता मामंजी येता-जाता म्हणतात, "काय डोकं हाय इवाईबुवाचं!" डोकं माझं आणि कौतुक तुमचं. मी पोळ्या लाटते.

अंतिम सामना मला सोडायचा नाही. सहा वर्षांची टोळी आहे. म्हणून आता असं करायचं. ससाण्याचं नाव आणि खेळात शिरायची परवलीची खूण मी कल्याणला दिली आहे. गाडी कल्याण चालवील. मी धान्याच्या खोलीत यांच्या जुन्या मोबाइलवर सामना बघ्या म्हणून पाहीन आणि काय बोलायचं ते तुम्हाला लिहून पाठवीन. तुम्ही फक्त ते मोठ्याने वाचायचं. आहे तसं वाचायचं. त्याला काही जोडायचं नाही.

सराव म्हणून आरशासमोर दहा वेळा म्हणा: "एक्केचाळीस, मागे ये."

नंदा


बदनापूर,
४ ऑगस्ट २०२५

चि. नंदास आशीर्वाद.

फोन करायचा धीर होत नाही, म्हणून हे दैवशालाच्या पत्त्यावर टाकतो. तू वाचशील की नाही, त्या घरात असशील की नाही, काही कळत नाही.

आरशासमोर मी पन्नास वेळा म्हटलं होतं गं. तुझी आई म्हणाली, "छान म्हन्तायत." पण मोबाइलातून त्यांचा आवाज आला, "बोला व्याही, मी तयार हाय," आणि मी बसल्या जागेवरून उठून उभा राहिलो. तू लिहिलंस, "४१, मागे ये, तीन नंबरला तोफ आहे." माझ्या डोळ्यांनी तेच वाचलं. तोंडातून निघालं, "व्याहीबुवा, आपणास त्रास होत नसेल तर अंमळ मागे सरावे."

ते म्हणाले, "आँ? काय म्हन्लात?"

मी सगळं पुन्हा म्हटलं आणि शेवटी 'ही विनंती' लावली. तेवढ्यात आपल्या तीन गाड्या गेल्या. कल्याणने कपाळ बडवलं. तू लिहीत होतीस, "आबा जोडू नका, जोडू नका," तेही मी घाईत मोठ्याने वाचलं. परभणीचे डॉक्टर विचारायला लागले, काय जोडू नका? आणखी पाच गेल्या.

आणि मग त्यांच्याच मोबाइलातून, लांबून, भिंतीपलीकडून तुझा आवाज आला. "मामंजी, मागं या म्हन्ते ना! आंधळे झालात का? रोज त्याच झाडाखाली मरायला जाता!"

माझ्या धक्क्याने कल्याणच्या हातातला मोबाइल पडला आणि बंद झाला. तुझ्या घरी पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी तुला वाचवायला गेलो आणि तुलाच उघडं पाडलं. आज सकाळपासून बदनापूरला थांबणाऱ्या प्रत्येक गाडीतून तू उतरतेस का ते पाहतो आहे.

आबा


शहागड,
१४ ऑगस्ट २०२५

पुंजाराम व्याही,

रामराम मुद्दाम घालत नाही. मी तुमच्यावर भयंकर चिडलेलो आहे.

अंतिम सामना आपण हरलो. का हरलो? पहिल्या पाच मिनिटांत आठ गाड्या तुमच्या 'अंमळ' आणि 'विनंती'पायी गेल्या. अहो, तोफ समोर असताना कुणी 'त्रास होत नसेल तर' म्हणतं का?

तुमचा मोबाइल बंद पडला त्यानंतरचं सांगतो. भिंतीपलीकडून आवाज आला तेव्हा आधी मला वाटलं शेजारची कुणी ओरडली. मग पाहतो तर सून धान्याच्या खोलीच्या दारात उभी. डोक्यावर पदर, हातात मोबाइल, तोंड पांढरंफटक. आसराबाई सुपात गहू पाखडत होती, तिचे हात तसेच थांबले.  माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. चहा, लाइट, गुडघा. मला राग यायला हवा होता आणि तो येतही होता. पण व्याही, समोर लढाई चालू होती आणि माझा रणगाडा जिवंत होता. मी विचारलं, "मागं म्हंजे किती मागं?"

ती म्हणाली, "पुलापर्यंत."

मी पुलापर्यंत आलो. मग ती दारातून सांगत गेली आणि मी करत गेलो. डावीकडं घ्या, आता मारा, थांबा म्हटलं की थांबा! आसराबाई म्हणाली, "अगं बया, पोरीला घसा हाय की!" आम्ही शेवटपर्यंत लढलो आणि एका झेंड्याने हरलो. त्या झाडाखाली मी मेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

सामना संपला. ती माझ्या पाया पडली, "चुकलं मामंजी" म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून अकरा दिवस झाले. तिने मोबाइल हातात धरलेला नाही. सरदारकी सोडली. आता परभणीचा डॉक्टर सरदार झाला आहे. तो दर वाक्याला प्लीज म्हणतो आणि आम्ही ओळीने चार सामने हरलो. घरात पूर्वीसारखंच "जी" आणि "वाढू का". पूर्वी ते मला चांगलं वाटायचं. आता वाटत नाही. एकदा तो आवाज ऐकल्यावर हे गप्प घर मला खायला उठतं.

नोकरीत मला पुष्कळ साहेबांनी शिव्या दिल्या. त्या झोंबायच्या, कारण त्या उगाच असायच्या. या पोरीच्या शिव्या बरोबर असतात. ती मला झाडाखाली मरू नको म्हणते, आणि मी सहा महिने तिला हलकट म्हणत फिरलो.

मी तिला कसं सांगू? सासऱ्याने सुनेपुढे उभं राहून 'मला ओरड' म्हणायचं, ही रीत कोणत्या घरात आहे? दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि पाणी मागून परत आलो. आदिनाथला फोनवर सांगितलं तर तो नुसता हसतो. तेव्हा हे काम तुमचं आहे. बाप तुम्ही आहात. तिला सांगा. आणि कृपा करून 'विनंती' लावू नका.

रायभान


बदनापूर,
१८ ऑगस्ट २०२५

नंदा,

हे साधं कार्ड तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकतो आहे. तुझ्या हाती पडायच्या आधी व्याही वाचतील, पोस्टातले सगळे वाचतील, वाचू देत.

तू अशी गप्प नव्हतीस. शाळेत असताना तू गच्चीवरून हाक मारलीस की ती स्टेशनापर्यंत जायची. तुला बघायला पाहुणे यायचे त्याच्या आदल्या दिवशी मी तुला म्हणालो होतो, हळू बोल, मान खाली ठेव, विचारतील तेवढंच सांग. तू तेच केलंस आणि आजवर करत आलीस. व्याह्यांनी तुला कधी गप्प केलं नाही. मी केलं. मी आयुष्यभर घाबरलो आणि तीच भीती तुझ्या रुखवतात घालून दिली.

ते माझं चुकलं. मी तुला जे सांगितलं होतं ते आता ऐकू नकोस. उद्यापासून दुपारी तीन वाजता व्याह्यांच्या शेजारी पडवीत बस आणि त्यांना मोठ्याने हुकूम दे.

त्या दिवशी मोबाइलातून तुझा आवाज आला तेव्हा मला दरदरून घाम फुटला. तुझी आई शेजारीच बसली होती. तिला लढाईतलं काही कळत नाही. ती एवढंच म्हणाली, "ही तर आपली नंदी बोलून राह्यली. चार वर्सं झाली, हा आवाज ऐकलाच न्हाई." आणि ती रडायला लागली.

आबा